आजोबांच्या दोन पेन्शनी

आमच्या डहाणूच्या घरात माळ्यावर एक हिरवी लोखंडी ट्रंक आहे. तिच्यावर पांढऱ्या रंगाने आजोबांचा आर्मी नंबर, रँक आणि नाव लिहिलेलं आहे. लहानपणी त्या ट्रंकेत बंदूक असेल, असं आम्हा भावंडांना वाटायचं. २०२१ मध्ये वर्क फ्रॉम होम करत डहाणूत अडकले होते, तेव्हा ती पहिल्यांदा नीट उघडली. आत एक जुनं जर्सी, दोन पदकं, नॅप्थलिनचा वास आणि कागदांची चळत. बंदूक नव्हती. पण त्या चळतीत दोन वेगवेगळ्या पीपीओ होत्या. पीपीओ म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डर. एक लष्कराची, एक केंद्र सरकारच्या एका मुलकी खात्याची.

आजीच्या बँकेत मात्र दर महिन्याला एकच पेन्शन यायची.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दोन इनपुट आणि एक आउटपुट दिसलं की मधे काय झालं हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. आजीला विचारलं, तर ती म्हणाली, "अगं, एकच मिळते. ह्यांच्या ऑफिसातल्या लोकांनी तेव्हाच सांगितलं होतं, दोन मिळत नाहीत म्हणून." तेव्हाच म्हणजे २००३ साली, आजोबा गेल्यावर. तिला सांगितलं ते खोटं नव्हतं. २००३ साली ते खरंच होतं. २०२१ साली ते खरं राहिलं नव्हतं, आणि हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

ही गोष्ट त्या मधल्या काळाची आहे. पण ती नीट सांगायची तर थोडं मागे जावं लागेल.

* * *

आजोबा मूळचे दापोलीकडचे. १९५७ साली पायदळात भरती झाले. लडाखात असताना हिमदंशाने त्यांच्या उजव्या पायाची तीन बोटं गेली. लढाईत नाही, पहाऱ्यावर. पुढची काही वर्षं त्यांना हलकी कामं दिली गेली आणि १९७३ साली मेडिकल बोर्डाने त्यांना 'इनव्हॅलिड आउट' केलं, म्हणजे तब्येतीच्या कारणावरून घरी पाठवलं. सोळा वर्षं नोकरी झाली होती. जवानाला साध्या सर्व्हिस पेन्शनसाठी पंधरा लागतात, त्यामुळे ती बसली. अपंगत्व बोर्डाने ठरवलं ३० टक्के.

इथे थोडं व्याकरण समजून घेऊ. लष्करातल्या डिसॅबिलिटी पेन्शनचे दोन तुकडे असतात. एक सर्व्हिस एलिमेंट, म्हणजे केलेल्या नोकरीचा मोबदला. दुसरा डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे शरीराचं जे नुकसान झालं त्याची भरपाई. दुसरा तुकडा मिळायला दोन अटी. अपंगत्व लष्करी सेवेमुळे आलेलं किंवा त्या सेवेमुळे वाढलेलं असलं पाहिजे आणि ते किमान २० टक्के असलं पाहिजे. लढाईत जखमी झालेल्यांसाठी वॉर इंज्युरी पेन्शन वेगळी आहे आणि तिचा दर जास्त आहे.

२० हा आकडा आमच्या घरात देवासारखा होता, असं बाबा सांगतात. कारण त्या काळी एकदा ठरलेलं अपंगत्व कायमचं नसायचं. काही वर्षांनी पुन्हा बोर्डासमोर जायचं. त्याला रिसर्व्हे बोर्ड म्हणत. आजोबा पहाटेची गाडी पकडून डहाणू रोडवरून मुंबईला जायचे, बूट-मोजे काढून टेबलावर पाय ठेवायचे, डॉक्टर बघायचे. पहिल्या फेरीत ३० चे २० झाले. त्यानंतर प्रत्येक वेळी २०. एकदा जरी १९ म्हटलं असतं, तरी डिसॅबिलिटी एलिमेंट बंद. घरी आले की आजी दारातच विचारायची, "किती?" आणि आजोबा म्हणायचे, "बोटं अजून उगवली नाहीत म्हणाले."

पाचव्या वेतन आयोगानंतर, १ जानेवारी १९९६ पासून, कायमस्वरूपी अपंगत्वासाठी असं पुन्हा पुन्हा उभं राहणं बंद झालं. त्याच वेळी टक्केवारीचे ठोकळे करण्याची पद्धतही आली. ५० पेक्षा कमी असेल तर ५० धरायचे, ५० ते ७५ असेल तर ७५, त्यापुढे १००. याला ब्रॉड बँडिंग म्हणतात. कारण साधं आहे. माणसाचा पाय २३ टक्के निकामी आहे की २७, हे कुठलाच डॉक्टर खात्रीने सांगू शकत नाही. सुरुवातीला ही सवलत फक्त तब्येतीमुळे मुदतीआधी बाहेर काढलेल्यांना होती. पूर्ण नोकरी करून अपंगत्वासह निवृत्त झालेल्यांनाही ती मिळाली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार खटल्यात १० डिसेंबर २०१४ रोजी सांगितलं.

त्याच्या आदल्या वर्षी, जुलै २०१३ मध्ये, धरमवीर सिंग खटल्याचा निकाल लागला होता. त्यात न्यायालयाने म्हटलं की भरतीच्या वेळी कागदावर कुठलाही आजार नोंदलेला नसेल, तर माणूस धडधाकट आत आला असं धरायचं. नंतर आलेला आजार सेवेमुळे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, जवानाची नाही. वाचायला एक ओळ. पण त्याआधी किती जणांची प्रकरणं 'घटनात्मक आजार', 'सेवेशी संबंध नाही' अशा एका शेऱ्यावर बंद झाली असतील याचा विचार करा.

* * *

अपंग सैनिकाला पैसे देण्याची कल्पना आपल्याकडे फार जुनी नाही, पण अगदी नवीही नाही. बंगालचा नवाब मीर जाफर याने रॉबर्ट क्लाइव्हसाठी पाच लाख रुपये मागे ठेवले. त्यातून १७७० साली लॉर्ड क्लाइव्ह फंड उभा राहिला. तो कंपनीच्या युरोपीय अधिकाऱ्यांसाठी आणि सैनिकांसाठी होता. देशी शिपायांसाठी कंपनीने वेगळी वाट काढली. म्हाताऱ्या आणि जायबंदी शिपायांना बिहारात जमिनी देऊन वसवलं, काहींना महिना पेन्शन लावली. यात दयेपेक्षा हिशेब जास्त होता. आपलं म्हातारपण कंपनी सांभाळते, हे गावातल्या पोराला दिसलं, तर पुढची भरती सोपी होणार.

कोकणात याची खूण म्हणजे दापोली कॅम्प. एकोणिसाव्या शतकात लष्करातून निवृत्त झालेली कित्येक कुटुंबं तिथे राहायची. निवृत्त सैनिक आणि अस्पृश्यता निवारणाचे आद्य कार्यकर्ते गोपाळबाबा वलंगकर तिथलेच. आणि सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीला राहिले. त्यांचा धाकटा मुलगा भीमराव तिथेच पहिल्यांदा शाळेत गेला.

रामजींची पुढची हकिकत आपण डॉ. आंबेडकरांच्या चरित्रात वाचतो, पण तिच्याकडे पेन्शनच्या बाजूने कधी बघत नाही. रामजींना लष्कराची पेन्शन होती. तरी मुलांच्या शिक्षणासाठी ते साताऱ्याला आले आणि त्यांनी तिथे सरकारी नोकरी धरली. पुढे खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर तलाव खोदला जात होता, तिथे ते खजिनदार होते. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेली ही मुलं मसूर स्टेशनवर उतरली, तेव्हा त्यांच्या वाट्याला काय आलं, ते बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. मला त्या प्रसंगामागचा एक साधा तपशील महत्त्वाचा वाटतो. लष्करी पेन्शन आणि सरकारी पगार एकाच घरात, एकाच माणसाच्या नावावर येत होते. तेव्हाही पेन्शन पुरत नव्हती म्हणून दुसरी नोकरी करावी लागली. सैनिक पस्तिशी-चाळिशीत मोकळा होतो. त्याचं घर मात्र तेव्हा नुकतं सुरू झालेलं असतं.

* * *

आमच्या आजोबांचंही तेच झालं. १९७६ साली ते केंद्र सरकारच्या एका खात्यात कारकून म्हणून लागले आणि डहाणूला आले. काही वर्षं तलासरीला रोज एसटीने जाऊन-येऊन. त्या रस्त्यावर ते शिक्षक, ग्रामसेवक, जंगल खात्याचे लोक यांच्याबरोबर प्रवास करायचे आणि तीन बोटांविना एसटीच्या पायरीवर चढायचे.

नोकरीत कायम झाल्यावर त्यांच्यासमोर एक कागद आला. तो मला ट्रंकेत सापडला. १९७२ च्या केंद्रीय नागरी सेवा (पेन्शन) नियमांमधला नियम १९. मुलकी नोकरीत आलेल्या माजी सैनिकाला दोन पर्याय. पहिला: लष्करी पेन्शन चालू ठेवायची, पण मग लष्करातली वर्षं मुलकी पेन्शनसाठी मोजली जाणार नाहीत. दुसरा: लष्करी पेन्शन बंद करायची, आतापर्यंत मिळालेली पेन्शन आणि ग्रॅच्युइटी सरकारला परत करायची, आणि मग ती वर्षं मुलकी नोकरीत जोडून मिळतील. तीन महिन्यांत लेखी कळवायचं. कळवलं नाही, तर पहिला पर्याय निवडला असं धरणार. आमच्या भाषेत सांगायचं तर डिफॉल्ट व्हॅल्यू.

एक काल्पनिक उदाहरण घेऊन हिशेब करून बघा. त्या काळी पूर्ण मुलकी पेन्शन म्हणजे शेवटच्या सरासरी पगाराच्या निम्मी, पण त्यासाठी तेहतीस वर्षं नोकरी हवी. कमी असेल तर त्या प्रमाणात कमी. समजा सरासरी पगार ३००० रुपये. तेहतीस वर्षं भरली, तर पेन्शन १५००. फक्त वीस भरली, तर १५०० ला ३३ ने भागून २० ने गुणायचं, म्हणजे साधारण ९०९. सोळा वर्षं लष्कराची जोडली, तर छत्तीस होतात आणि पूर्ण १५०० मिळतात. फरक ५९१ रुपयांचा. म्हणजे लष्करी पेन्शन ५९१ पेक्षा जास्त असेल तर ती सोडू नये, कमी असेल तर विचार करावा. शिवाय परत करायच्या रकमेचा हिशेब वेगळा.

अडचण अशी, की हा निर्णय घ्यायचा नोकरीच्या सुरुवातीला. शेवटचा पगार किती असेल, महागाई किती वाढेल, किती वर्षं जगू, यातलं काहीच माहीत नसताना. आजोबांनी पहिला पर्याय निवडला. बाबांच्या मते, मिळालेले पैसे परत करायला घरात पैसेच नव्हते, त्यामुळे निवड वगैरे काही नव्हती.

आणि त्या पहिल्या पर्यायालाही एक काटा होता, जो कागदावर ठळक लिहिलेला नव्हता. मुलकी नोकरीत असेपर्यंत लष्करी पेन्शनवर महागाई सवलत मिळायची नाही. पगारावर महागाई भत्ता मिळतोच, मग पेन्शनवर पुन्हा कशाला, असा सरकारचा युक्तिवाद. माजी सैनिक याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९४ साली वासुदेवन पिल्लै खटल्यात न्यायालयाने सरकारचं म्हणणं मान्य केलं. पुढे पाचव्या वेतन आयोगानंतर धोरण बदललं आणि ज्यांचा पगार ठरवताना पेन्शन पूर्ण वगळली जाते, अशा पुनर्नियुक्त जवानांना १८ जुलै १९९७ पासून ही सवलत मिळू लागली.

आजोबा १९९६ साली अठ्ठावन्न पूर्ण करून निवृत्त झाले. म्हणजे नोकरीची सगळी वीस वर्षं त्यांची मूळ लष्करी पेन्शन महागाईशिवाय येत राहिली. ७६ सालचा रुपया आणि ९६ सालचा रुपया यांत जो फरक पडला, तो त्यांच्या वाट्याला आला. नियम बदलला तेव्हा त्यांना निवृत्त होऊन वर्ष झालं होतं.

* * *

हे वाचताना मला प्रश्न पडला, की हे आपल्याकडेच असं आहे का. नाही. अमेरिकेत १८९१ सालच्या एका कायद्याने ठरवलं, की निवृत्त सैनिकाला निवृत्तिवेतन आणि अपंगत्वाची भरपाई दोन्ही एकत्र मिळणार नाहीत. भरपाई जितकी घ्याल, तितकं निवृत्तिवेतन सोडा. हा नियम शंभरहून जास्त वर्षं टिकला. २००४ पासून वीस वर्षं सेवा आणि किमान ५० टक्के अपंगत्व असलेल्यांसाठी तो टप्प्याटप्प्याने उठवायला सुरुवात झाली आणि २०१४ पर्यंत तो पूर्ण उठला. पण लढाईत जखमी होऊन वीस वर्षांच्या आत बाहेर पडलेल्या सैनिकांना आजही पूर्ण दोन्ही मिळत नाही. मुलकी सरकारी नोकरीत गेलेल्यांना तिथेही आपल्या नियम १९ सारखाच दोन फाट्यांचा रस्ता आहे. लष्करी वर्षं जोडून घ्यायची असतील तर ठरावीक रक्कम भरा आणि लष्करी निवृत्तिवेतन सोडा.

दोन्हीकडे सरकारच्या डोक्यात एकच शंका असते: या माणसाला एकाच गोष्टीचे पैसे दोनदा तर मिळत नाहीत ना? शंका अगदीच चूक नाही. पैसे जनतेचे आहेत. पण उत्तर द्यायचं तर आधी प्रत्येक पैसा कशाचा, हे वेगळं करावं लागतं. लष्करी सर्व्हिस पेन्शन सोळा वर्षांच्या नोकरीची. मुलकी पेन्शन त्यानंतरच्या वीस वर्षांची. डिसॅबिलिटी एलिमेंट तीन बोटांचा. तीन वेगळ्या गोष्टी. त्यातली कुठलीही दुसरीची नक्कल नाही.

पेन्शन ही सरकारची मेहरबानी नाही, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी डी. एस. नकारा खटल्यात ठामपणे सांगितलं. पाच न्यायमूर्तींच्या त्या पीठाचे प्रमुख होते मुख्य न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड आणि निकाल लिहिला न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी. पेन्शन म्हणजे आधीच केलेल्या कामाचा मोबदला, अमुक तारखेआधी निवृत्त झाला म्हणून कुणाला त्यातून वगळता येणार नाही, असा त्याचा गाभा. १७ डिसेंबर हा दिवस देशभर पेन्शनर्स डे म्हणून पाळतात. आजोबांच्या ट्रंकेत त्या निकालाची बातमी कात्रण करून ठेवलेली होती.

* * *

डहाणू-तलासरीत राहून हे लिहिताना आणखी एक गोष्ट सोडता येत नाही. इथे सैनिकी पेन्शनवाली घरं मोजकी. पण लढलेली घरं खूप. मे १९४५ मध्ये झरीला वारल्यांची मोठी सभा झाली आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मारले गेले. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' मुळे महाराष्ट्राला हा लढा माहीत झाला. नऊ वर्षांनी, १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये, इथून हाकेच्या अंतरावर दादरा आणि नगर हवेली पोर्तुगिजांकडून मुक्त झाली. २ ऑगस्टला सिल्वासा हाती आलं. त्या लढ्यात गोव्याच्या संघटना होत्या, संघाचे स्वयंसेवक होते, तलासरीच्या बाजूचे लाल बावट्याचे कार्यकर्तेही होते.

अशा लढ्यांसाठी केंद्र सरकारने १५ ऑगस्ट १९७२ ला स्वातंत्र्यसैनिकांची पेन्शन योजना आणली. पोर्तुगीज वसाहतींच्या विलीनीकरणाच्या चळवळी तिच्या यादीत आहेत. सुरुवातीला तिला उत्पन्नाची मर्यादा होती. वर्षाला पाच हजारांपेक्षा जास्त उत्पन्न असेल तर पेन्शन नाही. १ ऑगस्ट १९८० पासून ती मर्यादा काढली आणि योजनेच्या नावात 'सन्मान' हा शब्द आला. हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो. मर्यादा होती तोवर ती गरिबाला मदत होती. मर्यादा गेली तेव्हा ती केलेल्या कामाची ओळख झाली. तुझ्याकडे दुसरीकडून काय येतं, हा प्रश्न विचारणं बंद झालं. त्याच वेळी स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या सैनिकांसाठी तुरुंगवासाची अट सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आली.

पण कागद लागायचाच. तुरुंगाचा दाखला, नोंद, साक्ष. ज्यांनी आयुष्यभर अंगठा उठवला, त्यांच्याकडे कागद कुठून येणार? आमच्याकडे निदान ट्रंक होती.

* * *

आता आजीच्या पेन्शनकडे परत येते.

आजोबा जिवंत असताना त्यांना दोन्ही पेन्शनी मिळत होत्या. ते गेल्यावर नियम असा होता, की मुलकी नोकरीत गेलेल्या माजी सैनिकाच्या कुटुंबाला दोन्हींपैकी एकच फॅमिली पेन्शन, जी फायद्याची असेल ती. म्हणजे ज्या दोन नोकऱ्या नवऱ्याच्या बाबतीत वेगळ्या धरल्या होत्या, त्या बायकोच्या बाबतीत एक झाल्या. आजीने मुलकी पेन्शन घेतली.

माजी सैनिकांच्या संघटना वर्षानुवर्षं हे मांडत होत्या. अखेर केंद्राने नियम बदलला. २४ सप्टेंबर २०१२ पासून अशा कुटुंबांना दोन्ही फॅमिली पेन्शनी मिळतील, असं ठरलं. जानेवारी २०१३ मध्ये संरक्षण मंत्रालयाचं पत्र निघालं. केंद्र किंवा राज्य सरकारचं खातं, महामंडळ, स्वायत्त संस्था, कुठेही नोकरी केलेली असो, लष्कराची फॅमिली पेन्शन त्याशिवाय मिळेल. जुन्या प्रकरणांनाही लागू, फक्त थकबाकी २४ सप्टेंबर २०१२ पासून.

मी ते पत्र २०२१ साली फोनवर वाचलं. साडेआठ वर्षं झाली होती. आजी दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला जायची. पुढे मी तिला मोबाइलवरून जीवन प्रमाण काढून द्यायला लागले. एवढ्या वेळा ती जिवंत असल्याचं सरकारला कळलं, पण नियम बदलल्याचं तिला कळलं नाही. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. कुठल्याच टेबलावर दोन फायली शेजारी शेजारी नव्हत्या. आम्ही कोडमध्ये दोन डेटाबेस एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून रात्री जागतो. इथे एक बाई नऊ वर्षं अर्ध्या पैशांत राहिली.

अर्ज केला. लष्करी कागदात आजीचं नाव माहेरच्या लाडक्या नावाने होतं आणि जन्मतारीख नव्हती. आधारवर सासरचं नाव आणि १ जानेवारी. मग प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार, जुना लग्नाचा फोटो, गावच्या शाळेचा दाखला मिळतो का ते बघायला दापोलीच्या दोन फेऱ्या. कागद रेकॉर्ड ऑफिसला गेले, परत आले, पुन्हा गेले. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असतं आणि ते अशाच कामांसाठी असतं, हे मला तेव्हा कळलं. तुमच्या घरात कुणी माजी सैनिक असेल तर पहिली पायरी तीच. २०२३ च्या पावसाळ्यात आजीच्या खात्यात दुसरी पेन्शन आणि मागची थकबाकी जमा झाली.

मी तिला मोबाइलवर मेसेज दाखवला. तिने आकडा दोनदा वाचून घेतला. मग विचारलं, "हे ह्यांच्या बोटांचे का?"

मी म्हटलं, "नाही आजी. बोटांचे पैसे आजोबांबरोबर संपले. हे त्यांच्या सोळा वर्षांच्या नोकरीचे."

डिसॅबिलिटी एलिमेंट साधारणपणे त्या माणसाबरोबर थांबतो. मृत्यू त्याच अपंगत्वामुळे झाला असेल तर गोष्ट वेगळी. आजीला हे कायद्याने समजावून सांगायची गरज पडली नाही. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग ती थंडी मोफतच गेली की."

* * *

तलासरीच्या हायवेलगतच्या रस्त्यावर पहाटे मुलं पळताना दिसतात. पोलीस भरती, अग्निवीर भरती. काल-परवापर्यंत इथून सैन्यात फार कुणी जात नव्हतं, आता जातात. त्यांच्यासाठी हे सगळं गणित वेगळं आहे. २०२२ पासूनच्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर पेन्शन नाही. सेवा निधी म्हणून साधारण ११.७१ लाख रुपये एकरकमी मिळतात. सेवेमुळे अपंगत्व आलं, तर ५०, ७५ आणि १०० टक्क्यांच्या टप्प्यांप्रमाणे १५, २५ आणि ४४ लाख. पुढे केंद्र सरकारच्या मुलकी नोकरीत लागले तरी १ जानेवारी २००४ नंतर तिथे जुनी पेन्शन नाही. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर नाही. म्हणजे आजोबांसमोर आलेला तो दोन पर्यायांचा कागद या मुलांसमोर येणारच नाही. नियमित जवानांसाठीही सप्टेंबर २०२३ मध्ये नवे नियम आले आणि सेवा पूर्ण करून अपंगत्वासह निवृत्त होणाऱ्यांच्या भरपाईचं नाव 'इम्पेअरमेंट रिलीफ' झालं.

हे बरोबर की चूक, यावर माझं मत आहे, पण त्यापेक्षा एक साधं काम सांगते. घरात कुणी सैनिक असेल, तर त्याच्या कागदांवर बायकोचं नाव आणि जन्मतारीख नीट आहे का ते बघा. पीपीओचा फोटो काढून ठेवा. नियम बदलतात, आणि बदललेला नियम स्वतःहून घरी येत नाही. तो कुणीतरी जाऊन आणावा लागतो.

आजीने थकबाकीतून पहिली गोष्ट घेतली ती माळ्यावर चढायला मजबूत शिडी. ट्रंक खाली आणली, पुसली, आणि आता ती देवघराशेजारी आहे. दोन्ही पीपीओ तिने एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवल्या आहेत.